आमची वाटचाल : पिन, गोंद आणि दोरा

"पुस्तिका छापायचीय, एका नगाला किती पडेल?" आमच्या काउंटरवर येणाऱ्या दहातल्या आठ गिऱ्हाइकांची सुरुवात इथूनच होते. मी आधी लगेच कॅल्क्युलेटर काढायचो, आता काढत नाही. आता मी उलट विचारतो, की ती पुस्तिका वाचताना माणसाचे हात कुठं असणार? लोक बघत राहतात, काहींना वाटतं हा टाइमपास करतोय. पण हा प्रश्न शिकायला मला जवळजवळ वीस वर्षं लागली आणि त्यापायी दोन मोठी कामं पदरचे पैसे घालून परत छापून द्यावी लागली, म्हणून म्हटलं पुस्तिकेचं बाइंडिंग कसं ठरवायचं ते एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

आमचा छापखाना सांगलीत, गणपती पेठेच्या मागच्या अंगाला. वडिलांनी 1978 ला सेकंडहँड ट्रेडल घेऊन सुरू केला. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे, पायानं मशीन हाणायची. कामं म्हणजे लग्नपत्रिका, हळदीच्या अडत दुकानांची बिलबुकं, पावती पुस्तकं. त्या काळात बाइंडिंग कुठलं करायचं हा प्रश्नच नव्हता, पावती पुस्तकाला साइड पिन, म्हणजे कडेनं आरपार पिन मारायची, वरनं कापडी पट्टी चिकटवायची, संपलं. पुस्तकाचं काम आलंच तर फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, बाइंडर चाचांकडे जायचे. चाचा मिरजेहून सायकलवर यायचे, आमच्याच माळ्यावर बसून शिवायचे. मैद्याची खळ करायचे आणि त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, कसर लागू नये म्हणून. तो निळसर खळीचा वास अजून माझ्या डोक्यात आहे.

मी 1996 ला धंद्यात आलो. कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले, तीन वर्षांनी सिंगल कलर ऑफसेट आली आणि मला वाटायला लागलं की आता आपण खरे प्रिंटर. बाइंडिंग म्हणजे शेवटचं किरकोळ काम, असा माझा समज. छपाई झाल्यावर ठरवू, काय घाईय.

पहिला दणका पतसंस्थेच्या अहवालात बसला. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायच्या असतात, त्याच्या आधी सभासदांना नोटीस आणि अहवाल जायला पाहिजे, म्हणजे आमच्याकडे ऑगस्टमध्ये नुसती झुंबड. एका संस्थेचा अहवाल होता 96 पृष्ठांचा, कागद 90 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), आणि मी बिनधास्त सेंटर पिन म्हणून सांगून टाकलं कारण स्वस्त पडतं आणि लवकर होतं. आता सेंटर पिनमध्ये काय होतं, की सगळे ताव एकात एक घालून मधोमध दुमडतात, म्हणजे 96 पृष्ठांना 24 ताव एकाच्या पोटात एक. बाहेरच्या तावाला आतल्या सगळ्यांना वळसा घालून यायचं असतं, त्यामुळं आतले ताव पुढं सरकतात, मधल्या पानाची कड बाहेरच्यापेक्षा अडीच-तीन मिलिमीटर पुढं येते. मग कटिंगवर ती सरळ रेषेत कापली की मधल्या पानांचंच जास्त कापलं जातं. आणि अहवालात मधल्या पानांवर काय असतं? ताळेबंद. ताळेबंदात उजव्या कडेला काय असतं? रकमा!

शेवटचे आकडे गेले. सगळे नाही, पण मधल्या चार-सहा पृष्ठांवर शेवटचं शून्य अर्धं नाहीतर गायब. संस्थेचे मॅनेजर अहवाल घेऊन आले, काही न बोलता तो त्या पानावर उघडून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "ठेवी एका रात्रीत दहापट कमी केल्या की हो तुम्ही." हसावं का रडावं. सगळा परत छापला, पदरच्या कागदावर.

तेव्हा चाचा माळ्यावरच होते. ते खाली येऊन म्हणाले, "अरे बाबा, जाड पोटाला एकच पिन कशी पुरंल?" मग त्यांनी मला बसवून समजावलं की 64 पृष्ठांच्या आसपास गेलास की थांब, विचार कर, कागद जाड असेल तर त्याच्याही आधी थांब. आणि करायचंच असेल तर मधल्या पानांचा मजकूर लेआउटमध्येच थोडा पाठीकडं, म्हणजे दुमडीकडं सरकवून घे, छपाईनंतर काय हातात नसतं. म्हणजे बाइंडिंग छपाईच्या आधी ठरतं, नंतर नाही. इतकी साधी गोष्ट, पण मी मशीनच्या तोऱ्यात होतो.

एक आणखी गंमत म्हणजे पान आणि पृष्ठ. गिऱ्हाईक म्हणतं "50 पानांची पुस्तिका", म्हणजे काय? त्याच्या डोक्यात कधी 50 पृष्ठं असतात, कधी खरंच 50 पानं म्हणजे 100 पृष्ठं. आणि सेंटर पिनला तर 50 पृष्ठं होतच नाहीत, चारच्या पटीत लागतात, 48 नाहीतर 52. उरलेल्या दोन पृष्ठांचं काय करायचं यावर आमच्याकडं एकदा मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांची भांडणं झालीत, शेवटी "टिपणांसाठी" असं वर छापून कोरी सोडली. आता मी कोटेशनवर मोठ्या अक्षरात लिहितो : पृष्ठे.

2008 ला आम्ही परफेक्ट बाइंडिंगची मशीन घेतली, सेकंडहँड, एका क्लॅम्पची, म्हणजे एका वेळी एकच पुस्तक धरणारी. त्यात पाठ घासून खडबडीत करतात, त्यावर गरम गोंद बसतो आणि लगेच कव्हर दाबलं जातं. दिसायला एकदम पुस्तक! कण्यावर नाव छापता येतं, कपाटात उभं राहतं, गिऱ्हाईक खूश, आम्ही पण खूश. त्या आनंदात मी दोन वर्षं दिसेल त्याला परफेक्ट बाइंडिंग केलं. 40 पृष्ठांच्या पुस्तिकेला पण, जिचा कणा काडेपेटीच्या काडीएवढा सुद्धा होत नाही.

मग आली स्मरणिका. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, विष्णुदास भावे यांनी 1843 ला इथं सीता स्वयंवर केलं तेव्हापासून नाटकाचं वेड गावाच्या अंगात आहे, आणि नाटकवाल्यांच्या स्मरणिका पण तशाच थाटाच्या. पूर्ण आर्ट पेपर, 130 जीएसएम, फोटोच फोटो. परफेक्ट बाइंडिंग केलं, झक्कास दिसत होती. प्रकाशनाला पाहुण्यांनी रिबीन सोडली, फोटोग्राफरनं सांगितलं म्हणून स्मरणिका पूर्ण उघडून धरली, आणि मधली चार पानं सुटून सरळ स्टेजवर पडली. मी तिसऱ्या रांगेत होतो. खुर्चीखाली जागा असती तर शिरलो असतो.

घरी येऊन चाचांना फोन. म्हातारा तिकडनं हसतोय. म्हणाले आर्ट पेपर म्हणजे गुळगुळीत भांडं, वर थर असतो तो, गोंद त्या थराला धरतो आणि थरच कागदापासून सुटतो. त्यात तू कागद आडवा लावलास का उभा? मला हे पण माहीत नव्हतं, छापखाना चालवून इतकी वर्षं झालेली! कागदाला दाणा असतो, धाग्यांची दिशा. पाठीला समांतर दाणा असला तर पान गपगुमान उलटतं, आडवा असला तर प्रत्येक पान स्प्रिंगसारखं ताठतं आणि गोंदावर ओढ बसते. बघायचं कसं, तर कागद फाडून बघायचा, ज्या बाजूनं सरळ फाटतो ती दाण्याची दिशा. दोन रुपयांची परीक्षा, पण मी ताव वाचवायला डिझाइन आडवं बसवलेलं. चार पैसे वाचले आणि तीनशे स्मरणिका परत छापून दिल्या.

त्याच मशीनचं आणखी एक दुखणं म्हणजे गोंद. साधा हॉटमेल्ट, म्हणजे हाच गरम गोंद, साधारण 160 ते 180 डिग्रीवर ठेवतात. कमी तापला तर आत शिरत नाही, जास्त तापला किंवा दिवसभर तसाच उकळत ठेवला तर जळून ठिसूळ होतो, आणि आमचा पोरगा मशीन चालू ठेवून जेवायला जायचा. आता ते बंद केलंय. पीयूआर म्हणून दुसरा गोंद येतो, तो हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो, एकदा बसला की गरमीला दाद देत नाही आणि आर्ट पेपरलासुद्धा बराच चांगला धरतो. पण त्याची मशीन आमच्या खिशाबाहेर, तसलं काम आम्ही बाहेरून करून घेतो. पूर्ण ताकद यायला दिवसभर तरी द्यावा लागतो, म्हणून उद्या सकाळी प्रकाशन आहे म्हणणाऱ्याला आधीच हात जोडतो.

हां, तर सुरुवातीचा तो हातांचा प्रश्न. तो मुळात चाचांचा, नेमका कधी आला सांगतो. एक भजनी मंडळाचे बुवा आले, अभंगांची वही छापायची, 120 पृष्ठं. मी म्हटलं परफेक्ट बाइंडिंग, मस्त दिसेल बुवा. चाचा बाजूला चहा पीत होते. त्यांनी बुवांना विचारलं, "वाचताना हात कुठं असतात तुमचं?" बुवा म्हणाले, एकाचे पेटीवर, एकाचे पखवाजावर, बाकीच्यांच्या हातात टाळ. "मग पुस्तक धरणार कोण?" संपला विषय. परफेक्ट बाइंडिंगचं पुस्तक मोकळं सोडलं की मिटतं, त्याला कायम एक अंगठा लागतो. बुवांची वही सोळा सोळा पृष्ठांच्या फर्म्यांनी दोऱ्यानं शिवली, पेटीपुढं सपाट पडून राहते. महाग पडली, बुवांनी वर्गणी वाढवली. ती वही अजून वापरात आहे, कव्हर बदलून दिलं मी मागं एकदा.

तेव्हापासून मी हात बघायला लागलो. आरती संग्रह घ्या, एका हातात आरतीचं तबक नाहीतर झांज, एकाच हातात पुस्तिका, म्हणून लहान, 32 पृष्ठं, सेंटर पिन, मागं उलटी दुमडली तरी तुटत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीची संहिता असेल तर स्पायरल, कारण नट एका हातात धरून दुसऱ्या हातानं अभिनय करतो आणि पान पूर्ण मागं जायला लागतं. पाककृतींची पुस्तिका ओट्यावर उघडी पडते, हाताला पीठ, तिथं वायरो, म्हणजे तारेच्या कड्यांचं बाइंडिंग, आणि लॅमिनेशन सांगायला विसरायचं नाही. पण वायरोला कण्यावर नाव येत नाही आणि कुरियरनं एकावर एक रचून पाठवलं की तार चेपते, म्हणून पोस्टानं जाणाऱ्या मालाला मी नको म्हणतो. साइड पिन मी आता फक्त बिलबुकालाच देतो. पुस्तिकेला साइड पिन म्हणजे वाचणाऱ्याशी दुष्मनी, बाजूची अर्धा इंच जागा खाऊन टाकते आणि उघडायला दोन्ही हातांची कुस्ती. हे माझं मत आहे, काही प्रिंटर भाऊ वाद घालतील, घालू देत.

ऑगस्ट 2019. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी 45 फूट, पाणी 57 फुटांवर गेलं. 2005 चा महापूर आम्ही बघितला होता म्हणून कागद उंच रॅकवर ठेवायची सवय होती, पण या वेळी रॅकच पाण्यात. आणि नेमका अहवालांचा सीझन. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हाचं वर्णन करत बसत नाही, ज्यांनी ते दिवस काढले त्यांना सांगायला नको.

पण बाइंडिंगचं जे दिसलं ते सांगतो. आर्ट पेपरची पुस्तकं विटेसारखी झाली होती, पानाला पान चिकटून एकच गठ्ठा, सुरीनं पण सुटेना. सेंटर पिनच्या पुस्तिका वाळवल्या पण पिना गंजल्या, मधोमध तांबडे डाग, पान ओढलं की पिनेपाशी फाटायचं. परफेक्ट बाइंडिंगच्या पुस्तकांची पानं फुगली आणि पाठीवरनं कव्हरं उकलली. आणि माळ्याच्या जिन्याखाली एका पेटीत चाचांनी शिवलेली वडिलांच्या काळातली काही पुस्तकं होती, साधा कागद, सुती दोरा. खळ विरघळून पुठ्ठे सुटले होते, पण आतले फर्मे दोऱ्यात जागच्या जागी. आम्ही ती सावलीत उभी करून, पानं जरा मोकळी करून वाळवली. पानं वाकडीतिकडी झाली, पण एकही सुटलं नाही, क्रमानं सगळी आहेत. चाचा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते, त्यांना दाखवायचं राहिलं.

मशीनची मोटर बदलली, ऑफसेट परत उभी केली, लॉकडाऊनमध्ये परत बसलो, परत उठलो, ते सगळ्यांचंच झालं. फरक एवढाच की पुरानंतर मी शिवणीचं काम परत घरात आणलं. चाचांची सून आणि तिच्या दोन मैत्रिणी येतात, दिवसाला शिवून होतील तेवढेच फर्मे घेतो, जास्त ऑर्डर आली तर सरळ तारीख पुढची देतो. मशीनच्या शिवणीचं पुण्याहून करून मिळतं, पण शे-दोनशे प्रतींसाठी ते परवडत नाही आणि आमच्याकडं येणारे कवी लोक शे-दोनशेवालेच.

आता प्रत्येक कामाला आधी कोरी डमी करतो. त्याच कागदाची, तेवढ्याच पृष्ठांची, त्याच बाइंडिंगची, आत काही छापलेलं नाही. ती गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि म्हणतो घरी न्या, जिथं वाचणार तिथं ठेवून बघा. निम्मे लोक दुसऱ्या दिवशी येऊन बाइंडिंग बदलतात. परवा एक शिक्षक आले, विद्यार्थ्यांच्या कवितांची पुस्तिका, 44 पृष्ठं, आणि त्यांना कण्यावर शाळेचं नाव पाहिजेच होतं. मी दोन डम्या दिल्या, एक सेंटर पिनची आणि एक परफेक्टची, कण्याला बोट लावून बघा म्हटलं, नाव कुठं बसवू? ते म्हणाले मुलांना दाखवतो आणि सांगतो. अजून आले नाहीत, कागद मात्र काढून ठेवलाय, दाणा बघून.