डाव्या पावलांची मोजणी

रात्रीच्या जंगलात वाट शोधण्याच्या स्पर्धेत मी उतरलो, तेव्हा माझ्याकडे एकच काम सोपवलेले होते: डावे पाऊल जमिनीला टेकले की मनातला आकडा एकाने वाढवायचा. नकाशा भाचीच्या हातात, होकायंत्र तिच्या अंगठ्याला बांधलेले, आणि मी तिच्या मागून पुटपुटत चाललेला. दोन्ही पावले मोजू गेले की आकडे भराभर फुगतात आणि जीभ अडखळते, म्हणून मोजायचे ते फक्त डावे. सपाट रस्त्यावर १०० मीटरला माझी ६४ डावी पावले होतात, हे आम्ही आदल्या आठवड्यात मोजपट्टी लावून पक्के केले होते. अंधारात, पानांच्या जाड थरावरून, फांद्या चुकवत चालताना तीच संख्या ८० च्या घरात जाते, हे भाचीने मला बजावले होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला स्वतःचे पाऊल ठाऊक असते, असे काहीतरी उत्तर मी तिला दिल्याचे आठवते.

या खेळाला ओरिएंटिअरिंग म्हणतात. नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधाराने अनोळखी मुलूख पार करणे, या अर्थाने हा शब्द १८८६ मध्ये स्वीडनच्या लष्करी शिक्षणात रुजला, आणि सैनिक नसलेल्या लोकांसाठीची पहिली स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत झाली. उत्तरेकडच्या त्या देशांत हिवाळी रात्री लांबलचक असल्यामुळे असेल, पण हा खेळ अंधारातही खेळावा असे त्यांना फार लवकर वाटले. स्वीडनमधली तिओमिला ही दहा जणांच्या संघांची शर्यत रात्रभर चालते आणि तिच्यातल्या एका टप्प्याचे नावच 'दीर्घ रात्र' असे आहे. फिनलंडमधली युकोला रात्री ११ वाजता सुटते आणि सात धावपटूंच्या हातून हातात जात दुसऱ्या दिवशी संपते. आमची स्पर्धा म्हणजे या घराण्यातली अगदी धाकटी पाती. दोघादोघांच्या जोड्या, चार तासांचा अवधी, जंगलात पेरलेली १४ ठिकाणे, प्रत्येकाला कमीअधिक गुण, वाटेल त्या क्रमाने शोधा, आणि उशिरा आलात तर मिनिटामिनिटाला गुण गमवा. या ठिकाणांना 'कंट्रोल' म्हणतात, तेही किती समर्पक आहे, कारण ते सापडेपर्यंत माणसाचा कशावरच कंट्रोल नसतो.

सुटण्याच्या पाच मिनिटे आधी नकाशा हाती पडतो, आणि सर्वप्रथम तो आपल्या सवयी मोडतो. शाळेच्या नकाशात जंगल हिरवे असते; इथे मोकळे, सहज पळता येईल असे जंगल पांढरे असते, आणि हिरवा रंग जसजसा गडद होतो तसतसा तिथे झाडोरा दाट, म्हणजे त्या वाटेला जाऊ नका असा इशारा. उघडे माळ पिवळे, पाणी निळे, खडक आणि पायवाटा काळ्या. सुरुवातीला जांभळा त्रिकोण, प्रत्येक कंट्रोलभोवती जांभळे वर्तुळ, शेवटी दुहेरी वर्तुळ. आमच्या नकाशाचे प्रमाण १:१०००० होते, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचे १०० मीटर आणि माझी ६४ पावले. पण खरा मजकूर असतो तो तपकिरी समोच्च रेषांत. चढाच्या दिशेने आत वळलेली रेषा म्हणजे घळ, उताराच्या दिशेने बाहेर आलेली म्हणजे सोंड, दोन माथ्यांच्या मध्ये चिमटलेली जागा म्हणजे खिंड. आपल्या भाषेत जमिनीच्या अंगाप्रत्यंगाला इतकी नेमकी नावे आहेत, पण दिवसा आपण ती क्वचितच वापरतो, कारण समोर डोंगर दिसत असताना त्याचे वर्णन करण्याची गरज पडत नाही. रात्री डोंगर दिसत नाही. तो पोटऱ्यांना कळतो, आणि पोटऱ्यांना जे कळले त्याला नाव देता आले तरच ते नकाशावर शोधता येते.

या स्पर्धेसाठी मी एकच मोठी तयारी केली होती. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला बराच वेळ लागतो. मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटे जातात, आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी कमाई घालवतो. तांबड्या उजेडाने ती तितकी जात नाही, हे मी वाचले होते. म्हणून तांबडा उजेड देणारा डोक्यावरचा दिवा मी मुद्दाम मिळवला आणि आपल्या दूरदृष्टीवर खूश होऊन नकाशा त्याच्याखाली धरला. पांढऱ्या कागदाइतकाच तपकिरी आणि जांभळा रंगही तांबडा प्रकाश परतवतो, याचा विचार मी केलेला नव्हता. माझ्या नकाशावरून सगळे डोंगर आणि सगळे कंट्रोल एकदम नाहीसे झाले. उरल्या काही पायवाटा, खडक आणि ओहोळ. भाचीने काही न बोलता आपला पांढरा दिवा लावला.

पांढऱ्या दिव्याच्याही आपल्या खोड्या असतात. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या इतका जवळ असतो की, ज्या सावल्या त्याच्यामुळे पडतात त्या वस्तूंच्या मागेच दडतात आणि आपल्याला दिसत नाहीत. त्यामुळे खड्डा, उंचवटा, बांध सगळे एकाच पातळीवर रंगवलेल्या पडद्यासारखे भासते. हातातली विजेरी कमरेजवळ धरली तर सावल्या बाहेर येतात आणि जमिनीला पुन्हा खोली मिळते. ही युक्ती मला दुसऱ्यांदा गुडघा आपटल्यावर सुचली. दिव्याचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे: कंट्रोलच्या नारिंगी-पांढऱ्या निशाणाला चकचकीत पट्टी लावलेली असली की ती झोतात दुरूनच लखलखते. तेवढ्याच उत्साहाने गवतातल्या कोळ्यांचे डोळेही हिरवट ठिणग्यांसारखे चमकतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात मी असे निदान दहा कोळी कंट्रोल म्हणून जाहीर केले.

पहिले दोन कंट्रोल विनासायास सापडले. तिथे टांगलेल्या चिमट्याने आपल्या पुठ्ठ्यावर टोचायचे असते; प्रत्येक चिमट्याच्या सुयांची नक्षी वेगळी, म्हणून ती भोके हाच हजेरीचा पुरावा. दोन नक्ष्या उमटल्या आणि आम्ही, म्हणजे मुख्यतः मी, फुशारलो. तिसरा कंट्रोल पायवाटांच्या तिठ्यापासून ईशान्येला ४०० मीटरवर, एक सोंड ओलांडून पलीकडच्या घळीच्या डोक्याशी, मोठ्या खडकाजवळ होता. ४०० मीटर म्हणजे २५६ पावले, हा हिशेब मी तिठ्यावरच मांडला. २५६ झाली तेव्हा आम्ही उतरणीवर होतो. सोंड ओलांडून झाली, असे मी म्हणालो. भाची म्हणाली, ''मामा, तुझी पावलं जंगलात लहान पडतायत. अजून पुढे जायला हवं.'' मी डावीउजवीकडे दिवा फिरवला आणि एका आडव्या पडलेल्या झाडापलीकडे मला घळ दिसली. झाड ओलांडून आम्ही तिच्यात उतरलो.

घळ होती, पण तिच्यात खडक नव्हता. इथून पुढची चाळीस मिनिटे मी जे केले त्याला वाट शोधणे म्हणता येणार नाही, ती वकिली होती. खडक नाही, तर नकाशा काढला तेव्हा असेल आणि नंतर झाडीने झाकला असेल. नकाशावर इथे पांढरे जंगल दाखवले आहे आणि प्रत्यक्षात काटेरी झुडपे आहेत, तर ती यंदा वाढली असतील. घळ नकाशात उत्तरेकडे उघडते आणि ही भलतीकडे जाते आहे, तर पुढे वळत असेल. प्रत्येक विसंगतीला मी एक सुबक कारण दिले आणि प्रत्येक कारण एकेकटे पाहिले तर अगदी पटण्यासारखे होते. जमिनीशी नकाशा जुळत नसेल तर आपण चुकलो आहोत, हा सर्वांत सोपा निष्कर्ष मात्र माझ्या यादीत कुठेच नव्हता. या खेळातले जुनेजाणते सांगतात की, एकसारख्या दिसणाऱ्या दोन घळींतली चुकीची घळ पकडणे ही इथली नेहमीची चूक आहे, आणि ती महाग पडते ती आपण लगेच कबूल करत नाही म्हणून. भाचीचे दोन्ही हात काटे बाजूला करण्यात गुंतलेले असल्यामुळे होकायंत्राकडे कोणाचेच लक्ष नव्हते, आणि ''सरळ चाल, सरळच चाल'' असे मी मागून सांगत होतो. वाटेत आणखी एक पडलेले झाड लागले, मग आणखी एक. या जंगलात झाडे फारच पडतात, वनखात्याने लक्ष द्यायला हवे, असे मी म्हणाल्याचे पुरावे उपलब्ध आहेत.

शेवटी भाची थांबली आणि म्हणाली, ''मामा, आपण हरवलोय.'' माझा हात नकळत गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. संकटाचा संकेत मिनिटाला सहा शिट्ट्या, हे मला पाठ होते. ''शिट्टी ठेव खाली,'' ती म्हणाली, ''आणि दिवा बंद कर.''

दोन्ही दिवे मालवल्यावर आधी तर काहीच उरले नाही. मग हळूहळू वरचे आभाळ झाडांच्या शेंड्यांपेक्षा किंचित फिके असल्याचे जाणवले. ज्या फांदीकडे रोखून पाहावे ती विरघळते आणि जिच्या बाजूला पाहावे ती स्पष्ट होते, हेही कळले. डोळ्याच्या अगदी मध्यबिंदूवर अंधारात पाहणाऱ्या पेशी नसतातच. ध्रुवतारा कुठे दिसतो का ते मी पाहिले, पण अशा जंगलात ध्रुवाचे अढळपद आपल्या काही कामाचे नसते, फांद्या मध्ये येतात. आणि मग, डोळ्यांना काही काम उरले नाही म्हणून की काय, कानांना पाणी ऐकू आले. अगदी जवळ, उजव्या अंगाला, दगडांवरून जाणारे. ते चाळीस मिनिटे वाहतच असणार. उजेडाच्या त्या लहानशा गोलात आम्ही इतके गुंग होतो की, त्या गोलाबाहेरचे काहीच आमच्यापर्यंत पोहोचले नाही. नकाशात ओहोळ एकच होता आणि आम्हांला हव्या असलेल्या घळीपासून तो ३०० मीटर लांब, एका सोंडेच्या आड होता. इतक्या जवळून तो ऐकू येतो, याचा अर्थ आम्ही शेजारच्या घळीत होतो. माझी वकिली करण्याची ताकद त्या आवाजापुढे संपली.

पुढचे काम सोपे होते. नकाशावरच्या ठळक रेषेचे बोट धरायचे, पाणी असो की पायवाट, आणि जिथे आपण आहोत याची शंभर टक्के खात्री आहे अशा जागी परतायचे. ओहोळाच्या काठाने आम्ही तो पायवाटेला छेदतो तिथवर गेलो, तिथून तिठा गाठला आणि पुन्हा ईशान्य धरली. या वेळी १०० मीटरला ८१ हा हिशेब होता. ३२० च्या आसपास खडक दिव्यात आला, आणि चिमट्याची नक्षी टोचताना भाचीने माझ्याकडे मुळीच पाहिले नाही, हा तिचा मोठेपणा.

रानात माणूस फिरफिरून त्याच जागी येतो, त्याला आपल्याकडे चकवा लागला म्हणतात. हा शब्द फार सोयीचा आहे, कारण त्यात दोष चकव्याचा असतो. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना बीनवाल्ड नावाच्या सपाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा माग घेतला. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. ढगाळ दिवशी ते वर्तुळे काढू लागले आणि स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडली तरी त्यांना पत्ता नव्हता. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र ढगाआड जाताच वळत वळत आल्या दिशेला परतला. डोळे बांधले तर काहींची वर्तुळे २० मीटरपेक्षाही लहान झाली. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब असतो वगैरे समजुतींना त्यात आधार मिळाला नाही. 'सरळ' म्हणजे काय याची आपली आतली जाणीवच प्रत्येक पावलागणिक थोडी थोडी सरकत जाते, आणि बाहेरची खूण नसेल तर ती सरकल्याचे सांगणारे कोणी नसते. हे सगळे मी स्पर्धेआधीच वाचले होते, आणि वाचताना त्या लोकांबद्दल मला थोडी करुणाही वाटली होती.

आम्ही अकरा मिनिटे उशिरा पोहोचलो, सात कंट्रोलांचे गुण मिळाले आणि त्यातले काही उशिरापायी गेले. सुरक्षिततेसाठी आयोजकांनी प्रत्येक जोडीजवळ बंद डबीतले एक यंत्र दिले होते. ते वाट दाखवत नाही, फक्त आपण कुठून गेलो ते नोंदवत राहते. दुसऱ्या दिवशी ती नोंद नकाशावर उमटलेली आली. तिसऱ्या कंट्रोलजवळ, ज्या भागात मी ''सरळ चाल'' म्हणत होतो तिथे, एकात एक गुंतलेले दोन फेरे होते, आणि ते सगळे एका बिंदूपाशी एकमेकांना छेदत होते.

भाचीने त्या बिंदूवर पेन्सिलीने बारीक खूण केली आणि विचारले, ''मामा, वनखात्याला किती झाडांची तक्रार करायची?''

''तीन,'' मी म्हणालो. मग ''एक'' म्हणालो.