यंत्रमाग कामगारांच्या श्रवणचाचण्यांची माहिती खुली करताना : माझा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या यंत्रमाग कामगारांची श्रवणक्षमता हा माझ्या पीएचडीचा विषय होता. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, जातो आणि तो कोणालाही वाचता येतो. परंतु ज्या नोंदींवरून त्यातील सरासरी आणि आलेख काढलेले असतात, त्या नोंदी बहुधा संशोधकाच्या संगणकातच पडून राहतात. गोंगाटामुळे होणारी श्रवणहानी प्रथम 4000 हर्ट्झ वारंवारतेच्या, म्हणजे उंच स्वरांच्या, आसपास दिसते, आणि केवळ 500, 1000 व 2000 हर्ट्झची सरासरी छापली तर ती झाकली जाते. म्हणून प्रत्येक वारंवारतेची मूळ नोंद पुढच्या अभ्यासकाला मिळावी, असे मला मनापासून वाटत होते. जेवढे विणले तेवढीच मजुरी मिळणाऱ्या माणसाने माग बंद ठेवून दिलेला वेळ एका प्रबंधापुरताच उपयोगी पडावा, हे मला पटत नव्हते.

याची तयारी चाचण्यांच्या आधीच करावी लागली. आमचे संमतिपत्र मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषांत होते आणि नैतिकता समितीच्या मान्यतेने त्यात एक स्वतंत्र कलम घातले होते : नाव-गाव काढून टाकलेली माहिती इतर संशोधकांना देण्यास आपली संमती आहे किंवा नाही. चाचणीला होकार देऊन या कलमाला नकार देण्याची मुभा होती. एका ज्येष्ठ कामगाराने कागद वाचून घेतला आणि विचारले, “मॅडम, हे मालकाला दिसणार नाही ना? ऐकू येत नाही म्हणून कामावरून काढलं तर?” पुढचा प्रत्येक निर्णय मी या प्रश्नाला धरूनच घेतला.

नाव आणि मोबाइल क्रमांक काढणे सोपे असते. ओळख लपवणे मात्र तेवढ्याने साधत नाही. छोट्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा, एखादाच असतो. वय 52, काम जॉबर, अनुभव 30 वर्षे आणि कारखान्याचा परिसर अशा चार रकान्यांची ओळ त्या कारखान्यातल्या कोणीही वाचली, तर माणूस कोण हे त्याला लगेच कळेल. कांडी भरणाऱ्या महिलांच्या बाबतीतही हाच धोका होता. त्यामुळे कारखाना आणि परिसर हे रकाने खुल्या फाइलमधून पूर्ण वगळले, वय आणि अनुभव दहा-दहा वर्षांच्या गटांत मांडले आणि वय, अनुभव आणि काम यांच्या कोणत्याही जुळणीत किमान पाच व्यक्ती असतील असे पाहिले. जिथे पाच भरत नव्हत्या तिथे कामाचे प्रकार एकत्र केले. याने माहितीचा बारकावा कमी होतो हे खरे, पण दिलेला शब्द त्याहून महत्त्वाचा होता.

फाइल नीटनेटकी करण्याचे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नव्हते. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिल्या. चाचणी झालीच नाही आणि चाचणीत शून्य डेसिबल आले, या दोन गोष्टींना वेगळी चिन्हे दिली, कारण श्रवणचाचणीत शून्य हे उत्तम वाचन असते. सीएसव्ही फाइल (साध्या मजकुराच्या रूपातला तक्ता) सर्व लिपी सामावणाऱ्या यूटीएफ-8 या संकेतपद्धतीत जतन केली तरी एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर देवनागरी अक्षरे बिघडू शकतात, म्हणून रकान्यांची शीर्षके रोमन लिपीत ठेवून त्यांचा मराठी अर्थ, एकक आणि वापरलेल्या श्रवणमापकाची माहिती वेगळ्या फाइलमध्ये दिली.

माहिती ठेवण्यासाठी झेनोडो हे संशोधन-माहितीचे ऑनलाइन भांडार निवडले. सर्न ही युरोपातील भौतिकशास्त्र संशोधन संस्था 2013 पासून ते चालवते, त्यासाठी शुल्क लागत नाही आणि प्रत्येक नोंदीला कायमस्वरूपी डीओआय क्रमांक (इंटरनेटवर ती नोंद शोधण्याची न बदलणारी ओळख) मिळतो. हा क्रमांक प्रसिद्धीपूर्वीच राखून ठेवता येत असल्यामुळे तो प्रबंधात छापता आला. इतरांना माहिती वापरू देण्याचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, केवळ श्रेय देण्याच्या अटीचा घेतला. व्यापारी वापराला बंदी घालावी असा आग्रह काही सहकाऱ्यांनी धरला होता. परंतु कानाची संरक्षक साधने बनवणाऱ्यालाही हे आकडे उपयोगी पडावेत, असे माझे मत होते आणि ते मार्गदर्शकांना पटले.

नेमके वय आणि अनुभव असलेली तपशीलवार फाइल मात्र मर्यादित प्रवेशाच्या वेगळ्या नोंदीत ठेवली आहे. तिचे वर्णन कोणालाही वाचता येते. फाइल हवी असेल तर अभ्यासाचा हेतू, आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि कोणाचीही ओळख शोधणार नाही अशी लेखी हमी द्यावी लागते. कारखान्यांची नावे त्या फाइलमध्येही नाहीत.