आत्याची टाळू आणि बडोद्याच्या बरण्या

बडोद्याला गेले होते ते आत्याचे गुडघे दाखवायला. डॉक्टर म्हणाले, "बदलून घ्या." आत्या म्हणाली, "बघू." एक दिवस मोकळा उरला. दांडिया बाजारात तिच्या शेजारी राहणारी मुलगी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजच्या शरीररचना विभागानं गर्भापासून म्हातारपणापर्यंतचं प्रदर्शन लोकांसाठी खुलं ठेवलं होतं. "मेलेली माणसं बघायला रिक्षाला पैसे घालायचे?" असं म्हणत आत्या दहा मिनिटांत इस्त्रीची साडी नेसून दारात उभी.

आत शिरताच फॉर्मॅलिननं, म्हणजे प्रेतं टिकवायच्या औषधानं, डोळे चुरचुरायला लागले. सुरुवातीलाच काचेच्या बरण्या, त्यात गर्भ. आठ आठवडे पुरे झालेला गर्भ जेमतेम ३ सेंटिमीटरचा, पण हाताची बोटं सुटी झालेली. बाजूच्या बरणीत वार आणि नाळ. इथे आत्या काही बोलली नाही. मीही नाही.

तिला कंठ फुटला तो नवजात बाळाच्या कवटीपाशी. चिठ्ठीवर 'अँटिरिअर फॉन्टॅनेल' असं लिहिलेलं. "अगं, ही तर टाळू!" कवटीच्या हाडांमधली शंकरपाळ्याच्या आकाराची मोकळी जागा. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, ही साधारण दीड वर्षापर्यंत.

"तेल घालून घालून भरते ती," आत्या.

"नाही आजी, कडेनं हाडच वाढत येतं."

"मग तीन पोरांच्या टाळूवर मी काय केलं?"

मुलगी हसली. पण टाळू खोल गेली की बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय हे आत्यानं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "हे मात्र आम्हाला परीक्षेत विचारतात."

पुढे हातांचे एक्स-रे ओळीनं लावलेले. तान्ह्या बाळाचं मनगट त्यात रिकामंच दिसतं, कारण तिथे अजून नुसती कूर्चा, म्हणजे मऊ, लवचीक हाड असतं. मनगटाची आठ हाडं एकेक करत उमटतात, शेवटचं दहा-बारा वर्षांच्या आसपास. आदल्या दिवशी कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये ७१ फुटी देवमाशाचा सांगाडा पाहिला होता, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी सापडलेला. त्याच्या पराच्या आतही बोटांची हाडं असतात. ती आठवली आणि मी उगाच स्वतःचं मनगट दाबून पाहिलं.

जन्मतः सुमारे ३०० हाडं असतात, ती जुळत जुळत मोठेपणी २०६ होतात. सुश्रुतानं ३०० मोजली होती. त्यानं प्रेत पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायला सांगितलंय, मग वाळ्याच्या कुंचल्यानं एकेक थर खरवडायचा. त्याच्यापुढे फॉर्मॅलिनची काय तक्रार करणार!

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या जबड्यापाशी. बाहेरचं हाड कापून आतलं उघडं केलेलं. वर दुधाच्या दातांची रांग आणि त्यांच्या मुळांखाली पक्के दात, दाटीवाटीनं, कुणी आडवं, कुणी तिरपं, आपल्या पाळीची वाट बघत. बघताना माझे दात शिवशिवले. शेजारीच म्हाताऱ्या माणसाचा जबडा. दात पडले की ते धरून ठेवणारं हाडही झिजतं, त्यामुळे पट्टीसारखा बारीक झालेला. आत्यानं जिभेनं कवळी जराशी सरकवली आणि विचारलं, "हे कोण?"

"नाव आम्हालाही सांगत नाहीत, आजी. देहदान केलेलं कुणीतरी."

शेवटच्या टेबलावर गुडघा. मधोमध चिरलेला. कूर्चा झिजून हाडावर हाड घासतंय, घासून घासून चकाकी आलेली. आत्या चष्मा कपाळावर चढवून वाकली. बराच वेळ.

"असे गुडघे असले तर घेतात का गं?"

"घेतात की. उलट शिकायला आम्हाला असेच हवे असतात."

"बघ," आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तो डॉक्टर बदला म्हणतोय."

देहदानाचा फॉर्म तिनं चौघडी करून बटव्यात ठेवला, आणि रिक्षात बसल्याबसल्या सेव-उसळीची गाडी कुठे लागते ते रिक्षावाल्याला विचारलं.