घोड्यासाठी प्रथमोपचार पेटी: काय ठेवावे आणि कुठे ठेवावे

लग्नसराईत वरातीला घोडी देणारे असोत, सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने घोडा आणणारे शेतकरी असोत किंवा आमच्यासारखे घरी एक-दोन घोड्या सांभाळणारे असोत, नाशिक परिसरातील बहुतेक तबेल्यांत औषधे असतात, पण पेटी नसते. अर्धी वापरलेली मलमाची ट्यूब कोनाड्यात, पट्टीचा गुंडाळा खोगिराखाली आणि कात्री कुणीतरी घरात नेलेली, अशी अवस्था असते. घोड्याला समजणारे पशुवैद्य प्रत्येक गावात नसतात, आणि रात्री ते पोहोचेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. पेटी भरायची ती त्या तासांसाठी. उपचार डॉक्टरांनीच करायचा आहे.

म्हणूनच माझ्या मते पेटीतील सर्वांत मोलाची वस्तू औषध नसून थर्मामीटर आहे. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो; मात्र तो गुदद्वारात लावायचा असल्याने त्याला हातभर दोरा बांधून टोकाला चिमटा लावावा आणि तो शेपटीच्या केसांत अडकवावा, म्हणजे थर्मामीटर आत ओढला जात नाही आणि खाली पडून टापेखालीही येत नाही. टोकाला थोडे व्हॅसलीन लावावे, आणि आपण घोड्याच्या मागे न उभे राहता त्याच्या अंगाला खेटून बाजूला उभे राहावे. निरोगी मोठ्या घोड्याचे तापमान साधारण ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असते, स्वस्थ उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. ठोके मोजण्यासाठी स्वस्तातला स्टेथोस्कोप पुरतो. तो डाव्या बाजूला पुढच्या पायाच्या कोपराच्या लगेच मागे धरावा. हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे तो ठणठणीत असताना मोजून पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावेत, कारण फोनवर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात आणि “जरा सुस्त वाटतोय” यावरून त्यांना काही ठरवता येत नाही.

जखमेचे सामान त्यानंतर. आपल्याकडे द्राक्षबागांच्या मांडवाच्या तारा हे घोड्यांच्या पायांच्या जखमांचे मोठे कारण आहे, आणि गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसल्याने तार थेट शिरेपर्यंत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या टेंडनपर्यंत) किंवा सांध्यापर्यंत जाऊ शकते. निर्जंतुक गॉज, कापसाचे मोठे गुंडाळे, रुंद क्रेप बँडेज, बोथट टोकाची कात्री, हातमोजे, सलाइनच्या बाटल्या आणि जखम धुण्यासाठी सुई न लावलेली मोठी सिरिंज एवढे हवेच. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करूनच वापरावे. रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून घट्ट दाबून धरावे. ते भिजले तरी न काढता त्यावर दुसरा थर द्यावा. कापसाचा जाड थर न घालता बँडेज आवळले तर पायाच्या शिरांना इजा होते. जखमेवर हळद, चुना किंवा गाडीचे जळके ऑइल लावणे कृपा करून थांबवावे. टाके घालता येण्याजोगी जखम त्यामुळे हातची जाते.

खुरासाठी खूर साफ करायची आकडी, लहान मुलांचे डायपर आणि रुंद चिकटपट्टी ठेवावी. डायपर खुरावर बसवून वरून चिकटपट्टी गुंडाळली की उत्तम तात्पुरते आवरण होते. तळव्यात खिळा घुसला असेल तर शक्यतो तो उपसू नये, घोड्याला चालवू नये आणि लगेच फोन करावा, कारण खिळा जागेवर असला तर तो कोणत्या दिशेने व किती खोल गेला आहे हे एक्स-रेमध्ये कळते. तो आणखी आत जाण्याची भीती असल्याने काढावाच लागला, तर जागा, दिशा आणि खोली यांची खूण करून खिळा जपून ठेवावा. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार मोठा असतो, म्हणून शेवटच्या लसीची तारीखही झाकणावर लिहिलेली असावी.

वेदनाशामके डॉक्टरांनी आपल्या घोड्यासाठी लिहून दिली असतील तरच ठेवावीत आणि त्यांना विचारूनच द्यावीत. पोटशुळात ती लक्षणे झाकून टाकतात. पोट दुखणाऱ्या घोड्याला नळकांड्याने तेल किंवा काढा पाजण्याची पद्धत तर धोक्याचीच, कारण ते श्वासनलिकेत गेले तर फुफ्फुसे निकामी होऊ शकतात. डोळ्यासाठी फक्त सलाइन ठेवावे. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब बुबुळावर जखम असल्यास डोळा घालवतात.

पेटी घट्ट झाकणाची, प्लॅस्टिकची असावी. लाकडी पेटीत पावसाळ्यात ओल धरते आणि उंदीर कापसात घर करतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या तबेल्यात जी उष्णता साठते तिच्यात औषधे खराब होतात, म्हणून पेटी तबेल्याला लागून असलेल्या सावलीच्या, कोरड्या खोलीत ठेवावी. कुलूप लावू नये, मात्र ती मुलांच्या हाताला लागेल अशीही नसावी. गॉज व कापूस चेनच्या पिशव्यांत भरून आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. फ्रिजमध्ये ठेवायची लस पेटीत ठेवू नये. मुदतीच्या तारखा मी मृगापूर्वी आणि दिवाळीनंतर तपासते, आणि वापरलेली वस्तू त्याच आठवड्यात भरून काढते. झाकणावर आपल्या डॉक्टरांचा, दुसऱ्या पर्यायी डॉक्टरांचा, घोडा वाहून नेणाऱ्या गाडीवाल्याचा आणि पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा क्रमांक ठळक अक्षरांत असावा. गॉज, बँडेज, सलाइन आणि कात्री एवढीच एक लहान पिशवी वरातीला किंवा यात्रेला जाताना गाडीत वेगळी ठेवावी, म्हणजे मुख्य पेटी जागेवरून हलवावी लागत नाही.