भिगवणचे कुरव आणि माझी चुकलेली यादी

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शनिवार-रविवार गाठून आम्ही तिघे पुण्याहून भिगवणला गेलो, ते परतीच्या तयारीत असलेल्या पक्ष्यांची नोंद करण्यासाठी. पहाटे कुंभारगावहून होडीत बसलो तेव्हा उजनी धरणाचे पाणी बरेच उतरलेले होते आणि उघड्या पडलेल्या चिखलात चोची खुपसणाऱ्या पाणटिवळ्यांपैकी काहींच्या मानेवर विटकरी रंग चढू लागला होता.

मला अडवले ते कुरवांनी, म्हणजे 'गल' या पाणपक्ष्यांनी. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा असे दोन्ही कुरव येथे हिवाळ्यात येतात, पण हिवाळाभर दोघांचीही डोकी पांढरीच असतात, डोळ्यामागे काय तो एक गडद ठिपका. नावाला शोभणारा रंग येतो तो निघायची वेळ झाली की. त्यामुळे आता ओळख सोपी जाईल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोकेही चांगल्या उजेडात चॉकलेटीच दिसते. पहिल्या फेरीत मी जो गडद दिसला तो काळ्या डोक्याचा, असे ठरवून १४ पक्षी लिहून टाकले.

"डोकं काय बघताय, डोळा बघा. न्हाईतर उडाल्यावर पंखाचं टोक बघा," होडीवाले दादा म्हणाले. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचा डोळा फिकट असतो आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतात. दुसऱ्याचा डोळा गडद, तर पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा. शेजारच्या होडीतले पर्यटक शेव उधळत होते. पक्ष्यांना असे खायला घालणे मला मुळीच पटत नाही, तरी पंखांची टोके स्पष्ट दिसणारे माझे सगळे फोटो त्या शेवेमुळेच मिळाले, हे कबूल करायला हवे.

रात्री खोलीवर फोटो मोठे करून पाहिले, तेव्हा १४ पैकी ९ तपकिरी डोक्याचे आणि २ काळ्या डोक्याचे निघाले. उरलेले ३ पहिल्या वर्षाचे असावेत. त्या वयात तपकिरी डोक्याच्या कुरवाचाही डोळा गडदच असतो आणि पंखावर ठिपके नसतात, म्हणून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरील यादीत ते नुसते 'कुरव' म्हणून ठेवले.

रविवारी सकाळी त्याच जागी ७ कुरव होते. सातही फिकट डोळ्यांचे. त्यांची नोंद मी होडीतच पूर्ण केली.