उजव्या पॅनलची भानगड

शनिवारी शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात फुल फेअरिंगची, म्हणजे अंगभर प्लॅस्टिकचं आवरण असलेली, लाल मोटरसायकल दारात. गुरुवारीच सर्व्हिस करून दिलेली. मालक म्हणजे कॉलेजचं पोरगं. हेल्मेटही न काढता म्हणालं, "काका, बघा काय करून ठेवलंय."

उजव्या पॅनलला पाच बोल्ट. पाचही भोकांपाशी चिरा. आणि रविवारी पहाटे त्याला मित्रांबरोबर आंबोलीला निघायचं होतं.

मी थेट हाताखालच्या पोऱ्याकडं बघितलं. त्याचा हात जड आहे. इंजिनच्या कव्हरचे ६ एमएमचे बोल्ट १० न्यूटन मीटरला (हे आवळायच्या जोराचं माप) आवळायचे असतात, आणि हा त्याच जोरात प्लॅस्टिकही आवळतो. फेअरिंगच्या ५ एमएमच्या बोल्टला त्याच्या निम्म्यातही भागतं. त्याला कितीदा सांगितलंय, एल-कीचा लांब दांडा बोल्टात घाल आणि आखूड बाजू दोन बोटांत धर, म्हणजे ठरवूनही जास्त जोर लागत नाही. गिऱ्हाइकासमोरच त्याला नको नको ते बोललो. तो गप्प, पाने पुसत राहिला.

मग बसून नीट बघितलं. आवळून फुटलेलं प्लॅस्टिक उभ्या जन्मात भरपूर बघितलंय. भोकातून एक, फार तर दोन चिरा निघतात आणि जवळची कड गाठतात. इथं चार भोकांभोवती केसासारख्या दहा-बारा चिरा, चहूकडं फाकलेल्या. पहिला बोल्ट काढला, तर आट्यांत निळा चिकट थर.

"हे काय रे?"

"थ्रेडलॉकर. घाटात ढिले होऊ नयेत म्हणून काल रात्री मीच लावलं. व्हिडिओत बघितलं होतं."

ते औषध लोखंडाला लोखंड धरून ठेवायला असतं. आट्यांत हवा लागत नाही तिथं ते घट्ट होतं, पण बाहेर ओघळलेला थेंब ओलाच राहतो. तो ताणाखालच्या एबीएस प्लॅस्टिकला लागला की प्लॅस्टिक तडकतं. बोल्ट हलका आवळलेला असला तरी.

मी जरा ताठ झालो. चूक आपली नाही म्हटल्यावर आवाजही चढतो माणसाचा.

"पण खालच्या बोल्टला नाही लावलं," पोरगं म्हणालं. "तो मला निघालाच नाही."

तो बोल्ट मला तरी कुठं सहज निघाला! निळं काही नव्हतं. एकच चीर, सरळ कडेपर्यंत. भोकातली रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, चपटा झालेला आणि त्यातली धातूची बारकी नळी, म्हणजे कॉलर, गायब. बोल्टचं डोकं त्या कॉलरवर टेकतं, पॅनल रबरावर नुसतं तरंगत असतं. कॉलर नसली की बोल्ट थांबायला जागाच उरत नाही, सगळा दाब प्लॅस्टिकवर.

पोऱ्या उठला आणि ट्रेमधून कॉलर आणून माझ्या हातावर ठेवली. "गुरुवारपासून हितंच हाय, मालक. मला वाटलं जादाची आलीया."

गुरुवारी उजवं पॅनल बसवलं तेव्हा तो माझा डबा आणायला घरी गेला होता. बसवलं होतं मी.

चार भोकांचे पैसे पोरग्याकडून घेतले, पाचव्याचे नाही. बोल्ट साफ केले, पॅनल साबणानं धुतलं. मोठ्या चिरेच्या टोकाला २ एमएमचं भोक मारलं, म्हणजे ती पुढं सरकत नाही. भंगारातल्या एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून मागून जाळी बसवली. आंबोलीपुरतं धरेल, पुढं पॅनल बदलावंच लागेल, हेही सांगून टाकलं.

संध्याकाळी पॅनल चढवायला पोऱ्यालाच बसवलं. त्यानं आधी पाचही बोल्ट हातानं दोन-दोन आटे चढवले, मग आळीपाळीनं आवळत आणले. शेवटच्या बोल्टला एल-की दोन बोटांत धरून थांबला.

"बास का, मालक?"

मी कॉलर बसलीय का ते वाकून बघितलं.

"अजून पाव फेरा."