भांडण मुखपृष्ठाशी, पुस्तक बाजूलाच

विद्वानांच्या ट्विटरवरच्या भांडणांचा क्रम ठरलेला. प्रकाशक आगामी पुस्तकाचं मुखपृष्ठ टाकतो. कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट घेतो, त्यात खालचं उपशीर्षक कापलं जातं, आणि पुस्तक छापखान्यातून बाहेर पडायच्या आधीच त्यावर निकाल लागलेला असतो.

याचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण म्हणजे ‘द केस फॉर कलोनियलिझम’. आज या नावाचं पुस्तक आहे, पण मुळात तो लेख होता. पोर्टलंड स्टेट विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक ब्रूस गिली यांचा हा लेख सप्टेंबर २०१७मध्ये ‘थर्ड वर्ल्ड क्वार्टर्ली’ या नियतकालिकात ऑनलाइन आला. वसाहतवादाच्या टीकाकारांचं हक्काचं व्यासपीठ असलेल्या नियतकालिकात वसाहतवादाची वकिली! नाव वाचूनच माणसं उसळली. सह्यांच्या मोहिमा निघाल्या, संपादक मंडळाच्या ३४पैकी १५ जणांनी राजीनामे दिले, संपादकाला हिंसेच्या धमक्या आल्या आणि लेख मागे घेतला गेला.

या गदारोळात खरा मुद्दा हरवला. राजीनामा देणाऱ्यांची तक्रार समीक्षणाच्या, म्हणजे छापण्याआधी लेख तज्ज्ञांकडून तपासून घेण्याच्या, प्रक्रियेबद्दल होती: समीक्षकांनी नाकारलेला लेख छापलाच कसा? प्रकाशकाचं म्हणणं असं की लेख ‘व्ह्यूपॉइंट’ म्हणजे मतप्रदर्शन या सदरासाठी दोन समीक्षकांकडे गेला. एकाने नाकारला, दुसऱ्याने किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या आणि निर्णय संपादकाने घेतला. आता समीक्षक एक-एक असे फुटले की लेख तिसऱ्याकडे पाठवणं ही रुळलेली पद्धत. मतप्रदर्शनाला ती लागू करायची का, हा वाद घालण्यासारखा प्रश्न होता. पण लेख धमक्यांमुळे मागे गेल्याने त्याचं उत्तर राहूनच गेलं. लेखातले दावे चूक की बरोबर, याचाही नियतकालिकाला निवाडा द्यावा लागला नाही. माझ्या मते यात टीकाकारांचंच जास्त नुकसान झालं. लेखकाला मात्र सर्वतोमुखी झालेलं शीर्षक मिळालं. २०२३च्या पुस्तकाला त्याने तेच ठेवलं.

तेव्हा तुटून पडण्याआधी पहिली चौकशी करायची ती नाव कुणी ठेवलं याची. वर्तमानपत्री लेखाचा मथळा सहसा लेखक नाही, संपादकीय डेस्क ठरवतं. पुस्तकाच्या नावातही प्रकाशकाचा शब्द बराच चालतो. प्राचीन ग्रीक संस्कृतीची मुळं इजिप्त आणि पश्चिम आशियात शोधणाऱ्या मार्टिन बर्नाल यांना आपल्या पुस्तकासाठी ‘आफ्रिकन अथीना’ हवं होतं; १९८७मध्ये पुस्तक आलं ते ‘ब्लॅक अथीना’ म्हणून, आणि पुढची कित्येक वर्षं विरोधक त्या ‘ब्लॅक’वरूनच त्यांना धारेवर धरत राहिले.

मग आवृत्ती बघा. शशी थरूर यांचं २०१६मध्ये भारतात आलेलं ‘ॲन एरा ऑफ डार्कनेस’ पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये ‘इनग्लोरियस एम्पायर’ झालं. एकाच नावाने शोधलंत तर परीक्षणं निम्मीच हाती लागतील. विरामचिन्हंही सोडू नका. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस फुकुयामांच्या १९८९च्या लेखाच्या नावात ‘इतिहासाचा अंत’ यापुढे प्रश्नचिन्ह होतं, १९९२च्या पुस्तकाच्या नावात ते नाही. लेखाबद्दल बोलताना ते गाळलं की शंका घेणाऱ्याच्या तोंडी आपण ठाम विधान घालतो.

मराठीत आणखी एक भानगड आहे, क्रियापदाची. गोविंद पानसरे यांच्या ‘शिवाजी कोण होता?’वरचा आक्षेप ‘होता’ या एकेरीला आहे. हेच नाव इंग्रजीत नेलं की आक्षेपाचं कारणच गायब होतं, कारण तिथे एकेरी आणि आदरार्थी दोन्हींना ‘वॉज’. त्यामुळे हा वाद इंग्रजी पोस्टमध्ये मांडताना क्रियापदाचा खुलासा करावाच लागतो, नाहीतर अमराठी वाचक विचारतो, यात चिडण्यासारखं काय आहे? उलट आक्षेप घेणाऱ्यांनीही देवाला, आईला आणि पोवाड्यातल्या राजाला मराठी काय म्हणते ते आठवावं.

कधीकधी नावाचा खुलासा मुखपृष्ठ उलटताच सापडतो. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हे नाव का दिलं, ते अर्पणपत्रिकेतून कळतं. पुस्तक अर्पण केलंय ते गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. मुखपृष्ठाचा फोटो टाकणार असाल तर त्या पानाचाही टाका.